भंगारात गेलेला ट्रॅक्टर आणि आमचे बाबा

सकाळपासून ज्या फोटोला तुम्ही सगळे हार्ट देताय, त्यातला ट्रॅक्टर आमच्या दादांनी भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

बाबा जिवंत असताना. बाबांना न सांगता.

"बाबा आणि त्यांचा लाडका ट्रॅक्टर. मिस यू, हीरो." असं लिहिलंय दादांनी खाली.

मंदार म्हणतोय, "आज वर्षश्राद्ध आहे, आज नको." मंदार माझा नवरा, दादांचा धाकटा भाऊ.

मग कधी?

बाबा म्हणजे माझे सासरे. पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं. २०१३ साली आई गेल्या आणि दोन्ही मुलांनी फोनवर ठरवून टाकलं. सहा महिने दादांकडे अमेरिकेत, सहा महिने आमच्याकडे सिंगापूरला.

बाबांना कोणी विचारलं नाही. तिकीट पाठवलं.

दादांचं घर तिकडे उत्तरेला, मोठ्या तळ्याकाठी. हिवाळाभर बर्फच बर्फ. घराच्या जुन्या मालकाने गॅरेजमध्ये एक गार्डन ट्रॅक्टर सोडला होता. साठच्या दशकातला, छोटासा, सगळा लोखंडी. उन्हाळ्यात त्याने गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे स्नो थ्रोअर जोडायचा. तो बर्फ गिळत जातो आणि नळीतून बाजूला फेकतो.

दादांनी त्याच्यावर रिकामी खोकी रचून ठेवली होती.

बाबांनी खोकी उतरवली. कार्ब्युरेटर उघडून साफ केला. बेल्ट बदलला, मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. ओला बर्फ नळीत अडकून बसतो, म्हणून नळीला आतून मेण चोळलं.

तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा त्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉल केला. डोक्यावर माकडटोपी, अंगात दादांचं जुनं जॅकेट, खाली धडधड.

"अनघा, बघ गं! बघ कसा उडतोय बर्फ!"

आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना प्रथमच बघत होते.

मग दर हिवाळ्यात तेच. आधी दादांचा ड्राइव्हवे, मग समोरच्या एकट्या म्हातारीचा. कधीकधी पोस्टमनसाठी कोपऱ्यापर्यंतचा फुटपाथसुद्धा. दादा तेव्हा आत झोपलेले असायचे.

पुढे दादांनी घर बदललं. नव्या कॉलनीत बर्फ काढायला कंपनीची माणसं येतात. ट्रॅक्टर ठेवायला जागा नाही.

ठीक आहे. घर त्यांचं, मर्जी त्यांची.

पण बाबा तेव्हा आमच्याकडे, सिंगापूरच्या बेडोक भागात होते. त्यांना सांगितलं गेलं, "ट्रॅक्टर मित्राच्या शेडमध्ये ठेवलाय. जरा सेटल होतो, मग तुम्हाला बोलावतो."

बोलावणं आलं नाही. कधी दादांच्या मुलीची, रियाची परीक्षा, कधी वहिनींचं प्रमोशन, कधी बाबांचंच बीपी. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली.

बाबा मात्र तयारीत. आमच्या ब्लॉकखालच्या हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल सील आण, स्पार्क प्लग आण, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात ठेव. आमची ईरा त्यांना सिंगापुरी इंग्रजीत चिडवायची, "आजोबा, हिअर नो स्नो, ला!"

"इथे नाही गं. तिकडे न्यायचंय."

दर रविवारी सकाळी दादांचा कॉल.

"शिरीष, थंडी पडली असेल ना? बॅटरी काढून घरात ठेवलीस?"

"हो बाबा."

"इंजिन अधूनमधून फिरवतोस ना?"

"कालच फिरवलं. एक नंबर चालतंय."

कालच! एक नंबर! आणि बोलताना चेहरा जराही हलत नव्हता.

एका रविवारी दादांना मध्येच ऑफिसचा फोन आला आणि त्यांनी रियाच्या हातात फोन दिला. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. बाबांनी तिलाही ट्रॅक्टरचंच विचारलं.

"तो ट्रॅक्टर? आजोबा, तो तर मूव्ह व्हायच्या आधीच जंकवाला घेऊन गेला. डॅडने सांगितलं नाही?"



"असू दे बाळा. अभ्यास कसा चाललाय?"

(रिया, वाचत असशील तर ऐक. तुझी काहीही चूक नाही. त्या घरात बाबांशी खरं बोललीस ती तू एकटी.)

कॉल संपल्यावर मी उठलेच. "थांबा, आत्ता लावते दादांना फोन."

"नको," बाबा म्हणाले. "खोटं बोलतोय म्हणजे अजून थोडी भीती आहे त्याला माझी. तेवढी राहू दे."

पुढच्या रविवारी बाबांनी पुन्हा विचारलं.

"शिरीष, इंजिन फिरवलंस?"

"हो बाबा, परवाच."

 बाबा म्हणाले, "छान."

त्यानंतर जाईपर्यंत प्रत्येक रविवारी त्यांनी हे विचारलं. प्रत्येक रविवारी दादांनी "हो" म्हटलं. मला ते ऐकवत नसे. मी कपड्यांची बादली घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहायची.

गेल्या वर्षी बाबांना अटॅक आला. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दादा आले. सगळं उरकून आम्ही घरी परतलो, तेव्हा सोफ्यावर बसून हुंदके देत होते. "बाबांना पुन्हा एकदा तिकडे न्यायचं राहून गेलं रे, मंदार. एकदा तो ट्रॅक्टर चालवायला मिळाला असता तर..."

मी म्हटलं, "दादा, त्यांना माहीत होतं. रियाकडून कळलं होतं."

दादांचं रडणं थांबलं.

मला वाटलं, आता विचारतील. कधी कळलं? काय म्हणाले बाबा? चिडले का माझ्यावर? रडले का?

दादांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणखी कोणाकोणाला माहीत आहे हे?"

त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं.

आता सगळ्यांना माहीत आहे, दादा.

बाबा, तुम्हाला मनापासून नमस्कार.