केसभर ढील

चौकच्या नाक्यावर जुन्या हायवेच्या कडेला गॅरेजं चिकार. ट्रकची, टेंपोची, मोटारसायकलींची. त्या रांगेच्या शेवटी, चिंचेखाली, पत्र्याचं एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. ते धाकलू मिस्त्रीचं. तिथे येतात सायकलवाले: वीटभट्टीवरचे मजूर, डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं, पाववाला. नाक्यावर ज्यांना कुणी शेठ म्हणत नाही अशीच सगळी. हे काम किरकोळ आहे असं कुणी बोललं की धाकलूची बायको जनी त्याला असं झापायची की पुन्हा तो दुकानासमोरून मान खाली घालून जायचा.

धाकलूचे कान लहानपणापासून वाहायचे. साठीला टेकेपर्यंत दोन्ही गेले. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा, उरलेलं जनी हातवारे करून सांगायची. दुकान चालू राहिलं. पंक्चर काढायला कान लागत नाहीत.

हबला लागतात. हब म्हणजे चाकाचा मधला गाभा. जुन्या सायकलीत त्याच्या दोन्ही टोकांना वाटीत छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर कोन, म्हणजे निमुळता नट, आवळतात. कोन ढिला राहिला तर चाक डुगडुगतं. जास्त आवळला तर छर्रे रगडून मरतात. बरोबर जागा केसाएवढी. त्यातून गंमत अशी, की कोन जागेवर धरणारा चेकनट वरून आवळताना कोनही थोडा आत सरकतो. म्हणून मिस्त्रीला आधीच केसभर ढील ठेवून द्यावी लागते. डुगडुग हाताला कळते, पण रगड ऐकावी लागते. चाक धरून ठेवणाऱ्या चिमट्याला कान लावून धाकलू ती ऐकायचा. कान गेल्यावर तो नुसत्या हातावर भागवू लागला. डुगडुग लागली की आवळ, जरा शंका आली की आणखी आवळ. हात त्याला फसवत होता आणि ते ना त्याला कळलं, ना जनीला.

कळलं ते राजेश पाववाल्यामुळे. खालापूरकडच्या उतारावर त्याचं पुढचं चाक जाम झालं. पाव रस्ताभर, राजेश पावांवर. सोललेलं कोपर घेऊन तो सायकल ओढत नाक्यावर आला.

“मिस्त्री, चाक बसवलंत का खिळवलंत?” धाकलू चाकाशी ओणवा झाला, तसा राजेश गॅरेजवाल्यांकडे वळला. “म्हातारा ठार बहिरा झालाय. याच्या हातात चाक देऊ नका रं कुणी.”

“पावाबरोबर जीभ पण भट्टीत भाजून आणलीस काय रं?” जनी उसळली. “तीस वर्षं तुझ्या बापाची सायकल कोण बघत होतं?”

धाकलूनं एव्हाना चाक उतरवून हब उघडला होता. ग्रीस जळून काळं झालेलं, छर्रे निळे पडलेले, कोनाच्या कडेचे टवके उडालेले. त्यानं ते सगळं तळहातावर घेऊन राजेशपुढे धरलं.

“माझी चूक हाय,” तो म्हणाला.

मग त्यानं हब तसाच जोडून सायकल परत दिली, पाने पुसून पोत्यात भरले आणि पोतं खिळ्याला टांगलं.

नाक्याला चघळायला विषय झाला. गिऱ्हाईक यायचं थांबलं, आणि आलं तरी धाकलू हात लावेना. चिंचेखाली बसून ट्रक बघायचा. जनीला त्याचा राग यायचा, नाक्याचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या टांगलेल्या पोत्याचा यायचा. ज्या माणसानं जन्मभर चाकं फिरवली तो असा बसून किती टिकणार, हे तिला दिसत होतं.

एका सकाळी ती पाणी भरून आली तर अंगणात घरची सायकल उलटी उभी. धाकलू तिच्यापुढे ओणवा. स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत, टोक चाकाच्या एक्सलवर, डोळे मिटलेले. एका हातानं चाक फिरवतोय.

“अवो, येड लागलं काय तुमाला?” तिनं खांदा हलवला.

त्यानं मूठ तोंडातून काढली. त्याचे डोळे भरलेले होते. “जने, ऐकू येतं गं. डोक्यात येतं.”

स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरायची त्याची जुनी खोड. उगाच चाक साफ करत बसला होता, टोक एक्सलला टेकलं, आणि मेलेल्या कानांना वळसा घालून चाक थेट हाडातून बोललं.

जनीनं हंडा तिथेच ठेवला आणि राजेशचं घर गाठलं.

“माझ्या नवऱ्यानं मोडलं, तोच जोडील. सायकल काढ.”

“काकी, माझं कोपर अजून ओलं हाय.”

“मंग हातानं आण. कोपरानं कोण ढकलतं?”

धाकलूनं पोतं उतरवलं. वाट्या रॉकेलनं धुतल्या. छर्रे सगळेच नवे घेतले. जुन्यांत एखादाच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो आधी फुटतो. ग्रीसच्या गादीत एकेक छर्रा तो असा ठेवत गेला जसा देवापुढे तांदूळ ठेवावा. कोन बोटांनी बसवला, पुन्हा जरा मागे घेतला, चेकनट आवळला. चाक चिमट्यात चढवलं. मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत घेतली, टोक एक्सलला टेकवलं आणि डोळे मिटले. गॅरेजवाले हातातली कामं सोडून बघत होते. हायवेवर ट्रक बोंबलत होते आणि त्या गदारोळात हा माणूस एका छर्र्याची चाल ऐकत होता. त्यानं मान हलवली. चेकनट सोडला, कोन केसभर मागे, पुन्हा आवळला, पुन्हा दात.

मग त्यानं मूठ पुसून जनीपुढे धरली.

जनी हसली, पण तिनं ती दातांत घेतली. आधी त्यानं मुद्दाम कोन आवळून दाखवला. तिच्या कवटीत जातं फिरल्यासारखी घरघर उठली, दाढा शिवशिवल्या. मग त्यानं कोन मूळ जागी आणला. घरघर पातळ झाली, सुपात तांदूळ घोळवावेत तशी सळसळ उरली, आणि तीही विरली. चाक थांबलं असं समजून तिनं डोळे उघडले. चाक फिरत होतं. इतकी वर्षं ती या माणसाच्या शेजारी बसत होती, तो हे ऐकत होता, आणि तिला वाटायचं हा नुसता नट आवळतो.

राजेश पाव घेऊन उताराकडे गेला. जनी रस्त्याच्या कडेला उभी. धाकलूनं तिकडे पाठ केली होती.

ऊन चढल्यावर राजेश परत आला, क्रेट रिकामा. त्यानं पुढचं चाक उचलून हलकेच फिरवलं. चाक मंदावलं, हवा भरायच्या व्हॉल्व्हची जड बाजू आपल्या वजनानं खाली आली, पाळण्यासारखी इकडून तिकडे झुलली, कितीतरी वेळ झुलली. तिघं त्या चाकाकडे बघत राहिले.

“काकी,” राजेश खालच्या आवाजात म्हणाला, “मागचं चाक पण बघतील का मिस्त्री?”

“बघायचे नायत,” जनी म्हणाली. “चावतील. ठेव सायकल.”