एकतीस इंचांचा ओटा

आमच्या मावशीने चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. चार पावलांचं तिचं शिवणाचं दुकान, गळ्यात कायम टेप, ओठांत टाचण्या. गल्लीतल्या नवरदेवापासून पोस्टमनपर्यंत कोणाची कंबर किती वाढली हे तिला तोंडपाठ. पण तिचं स्वतःचं माप घ्यायची बुद्धी कोणाला झाली नाही, आणि घरातल्या ओट्याला तर नाहीच नाही.

मावशी चार फूट नऊ इंच. ओटा चाळीस इंच. घर तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं, सगळं लाकडाचं, फळ्यांच्या भिंती, फळ्यांची जमीन, दर्शनी खिडकीला रंगीत काचा. सासूबाई चांगल्या उंचपुऱ्या होत्या, त्यांच्या बेताने ओटा झाला. त्यांचं काही चुकलं नाही. पण मावशी लग्न होऊन आली ती थेट पाटावर चढली. अडतीस वर्षं लाकडी पाटावर उभं राहून स्वयंपाक. चूल गेली, गॅस आला, पाट तिथेच. पीठ मळताना तिचे खांदे कानाला लागायचे. मला राग यायचा, ती हसायची.

या हिवाळ्यात ती पाटावरून पडली. मनगट मोडलं. मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, महिन्याची रजा काढून आला आणि आल्या आल्या त्याने फर्मान काढलं.

"आई, बस झालं. हे घर विकू. तू माझ्याकडे चल."

"मी नाही येत. ओटा खाली आण, मला वर चढवू नकोस."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: रजा संपायच्या आत नवा ओटा उभा राहिला आणि मावशीने पाटाशिवाय सगळ्यांचं जेवण रांधलं, तर घर विकायचा विषय बंद. नाहीतर तिने मुकाट्याने सामान बांधायचं. प्लास्टर निघून तेव्हा दोनच दिवस झाले होते.

सुतार आला. भला माणूस, पण जरा शहाणा. खिशातून पेन्सिल काढून म्हणाला, "मावशी, हल्ली सगळीकडे चौतीस इंच ठेवतात."

"सगळीकडे मी स्वयंपाक करते का?" मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, कोपर दुमडलं आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. कोपरापासून जमिनीपर्यंत पस्तीस. हात खाली दाबायला जागा हवी, म्हणून त्यातून चार वजा. "एकतीस. लिहा."

"अगं, एकतीस म्हणजे बाहुलीचा ओटा!" मावसभाऊ सहा फुटांचा आहे. "उद्या घर विकायचं झालं तर?"

"घेणारा बघेल त्याचं त्याचं."

जुना ओटा उखडला तेव्हा पत्रा निघाला, पत्र्याखाली मेणकापडाचे तीन थर, आणि त्याखाली एक सलग फळी. दोन इंच जाड, मध्ये कुठे जोड नाही. सुतार तिच्यावरून हात फिरवत राहिला. "अशी फळी आता मिळणार नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज उतरला. ठरलं की हीच फळी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, दोन भिंतींच्या मध्ये बसवायची. एकच फळी, म्हणजे एकदाच कापायची. चुकली की संपलं.

सुताराने समोरून टेप लावला आणि आकडा लिहिला. मावशीने तो खोडला. तिने खाकी कागद आणला, भिंतींना टाचण्यांनी लावला, कोपऱ्यात बोटाने दाबून घडी पाडली, आणि कापड बेततात तसा ओटा बेतला. सुतार गालात हसला, पण कागद आणि फळी घेऊन गेला. कापायचं तर कागदाबरहुकूम, केसाइतका फरक नको, अशी तिने त्याला तंबी दिली होती.

रजेचे तीन दिवस उरले असताना फळी आली. चौघांनी उचलली, आणि ती आत जाईना. दोन्ही बाजूंना इंच इंच जास्त!

"झालं!" मावसभाऊ म्हणाला.

मावशीने कागद परत भिंतीला लावून बघितला आणि मटकन खाली बसली. मला लगेच कळलं. चाळीस वर्षांची सवय. कापड कापताना शिवणीसाठी इंचभर जास्त ठेवायचं ते तिच्या हाताने आपोआप ठेवलं होतं. लाकडाला कुठली शिवण! तिचा चेहरा एवढासा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिने सामानाच्या ट्रंकेकडे बघितलेलं मी पाहिलं.

सुतार मात्र भिंतीशी वाकला होता. त्याने कोपऱ्यात काटकोन बघायचा गुण्या लावला. मग समोरून माप घेतलं, मागून घेतलं, पुन्हा समोरून. डोकं खाजवत उठला.

"मावशी, तुमच्या घरात एक कोपरा सरळ नाही. ही जागा समोरच्यापेक्षा मागे पाऊण इंच जास्त रुंद आहे. मी माझ्या आकड्याने कापली असती ना, तर मागे अशी फट राहिली असती की चमचे आत गेले असते. जास्त आहे ते काढता येतं. कमी पडलं असतं तर मी काय चिकटवणार होतो?"

मावशी उठली. तिने डब्यातून शिंप्याचा खडू काढला, त्या वाकड्या भिंतीची रेघ जशीच्या तशी फळीवर उतरवली आणि म्हणाली, "चला, ट्रायल घेऊ."

पाच वेळा ट्रायल झाली. रंधा मारायचा, उचलायची, बसवून बघायची, ती खडूने खूण करणार, पुन्हा खाली. कोटाच्या बाहीचा सुद्धा तिने एवढा छळ केला नसेल. पाचव्या वेळी फळी वरून हलकेच आत उतरली आणि बसली. टाचणी सुद्धा आत गेली नसती. मावशीने घालून बघितली.

रजेच्या शेवटच्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहिली. पाय जमिनीवर, खांदे खाली. पीठ मळताना तिची कोपरं सरळ होत होती आणि अंगाचा सगळा भार हातात उतरत होता. सुतारासकट सगळे पोटभर जेवलो. मी तर निर्लज्जपणे टाळ्या वाजवल्या.

मावसभाऊ ओट्यापाशी भांडी घासायला गेला आणि दुसऱ्याच ताटाला कंबर धरून सरळ झाला. "आई, माझी पाठ गेली! या ओट्याला जन्मात गिऱ्हाईक मिळायचं नाही."

"हो ना," मावशी म्हणाली, "मी तसंच माप दिलं होतं."

मग तिने कोपऱ्यातला जुना पाट पायाने त्याच्याकडे सरकवला. "बस त्याच्यावर. राहिलेली भांडी मी घासते."