शिसमी पाट

माझ्या आत्याच्या नखांचा खरा रंग मी कधी पाहिलाच नाही. केदारखेड्याला तिच्या अंगणात एक फुटका रांजण कायम भरलेला असे. त्यात पाणी, हिरड्याची टरफलं आणि गंजके खिळे. ते पाणी शाईसारखं काळं झालं, की आत्या चिंधी बुडवून दिसेल ते लाकूड शिसमाचं करून टाके. पाट, खुंट्या, उंबरा. एकदा तर तिच्या नवऱ्याची, आमच्या मामांची काठीसुद्धा, ते घोरत असताना. "लाकडाचं कूळ कोन इचारतंय? आपन शिसम म्हनलं की शिसम!"

निजामाच्या राज्यात रेल्वेतला जावई म्हणजे केवढी मिजास! बदनापूरचं तसलं स्थळ मला मिळालं. आईवेगळ्या मला आत्यानंच वाढवलं होतं, तिचे पाय जमिनीवर ठरेनात. सासूबाईंची अट एकच, नवरानवरीला बसायला शिसमाचा पाट. आत्यानं कडुलिंबाचा घेतला. हिरड्यानं काळा झाला, पण चमक येईना. मग या बाईनं त्यावर बिब्ब्याच्या टरफलांचं तेल चोपडलं! बिब्बा अंगावर उततो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी ओरडले तर म्हणते, "वाळल्यावर काय करतंय? तू गुमान हळद लावून घे."

वैशाखातलं लग्न. माझं लुगडं जाड, यांचं धोतर मलमलीचं, त्यात घामाच्या धारा. दुसऱ्या दिवशी आमचे हे पालथे पडले ते उठेचनात. बसायच्या जागी टरारून फोड! सासूबाई कडाडल्या, "पोरीनं बीमारी आणली! धाडा हिला माघारी!" मी बिब्ब्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "शिसमाला बिब्बा कशाला लागतो गं?" कडुलिंबाचा म्हणावं तर आत्याचं पितळ उघडं, म्हणून मी तिलाच निरोप धाडला.

निरोप मिळताच आत्या आली. पाणीही न पिता तिनं पाट उलटा केला. खालची बाजू रंगवलेलीच नव्हती.

"लिंबाचा हाय, विहीणबाई. शिसम माझ्या बानंबी पाह्यला न्हाई. बिब्बा मी लावल्ता." असं म्हणून तिनं कनवटीचा बिब्बा फोडला आणि स्वतःच्या दंडावर खसाखसा घासला. "उद्या फोड न्हाई आले तर पोरगी घेऊन जाते. मंग तर बराबर?"

सकाळी आत्याचा दंड भोपळ्यासारखा सुजला होता. सासूबाईंनी खोबरं वाटलं आणि आधी विहिणीला लावलं. मुलाचा नंबर नंतर लागला. कण्हता कण्हता आत्या मला म्हणाली, "रंग मात्र झ्याक आल्ता, न्हाई?"

आत्या गेली तेव्हा शेवटची आंघोळ मीच घातली. नखं काळीच होती, आणि दंडावरचा तो डाग तसाच. त्यावर हात ठेवून मी पोटभर रडले. आईच्या मागे मला आई होती, ती आता गेली.

तस्साच डाग आमच्या घरात अजून एका माणसाला आहे. पण आत्याची आठवण म्हणून तो चारचौघांत दाखवायची काही सोय नाही.