कोरडा तलाव नकाशावर परत आणणाऱ्या रामटेके मॅडम

आधी एक दुरुस्ती. भिलाईच्या आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या स्मरणिकेत मी लिहिले होते की रामटेके मॅडमची आणि माझी पहिली भेट नकाशा कार्यालयात झाली. ते वाचून आई हसली. "अवं, तू फ्राक घालत होती तवाच त्या आपल्या सुपेल्याच्या घरी येऊन गेल्या!" तेव्हा मी शाळेत जात नव्हते, आईच शिकवायची. मी काढलेली नदी पाहून मॅडमनी विचारले होते म्हणे, "हे पाणी चढावर कसं चढून राहिलं, बाई?"

त्या मॅडम आता साठ वर्षांच्या होत आहेत. विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून, जीआयएस या संगणकीय नकाशाप्रणालीच्या साहाय्याने, नद्या-तलाव नकाशावर आणण्याचे काम त्यांनीच मला शिकवले. त्यात एक नेहमीची पायरी असते. ज्या खड्ड्यातून पाणी बाहेर पडत नाही, तो मोजणीतला दोष समजून संगणक भरून टाकतो. भिलाई-३ पलीकडच्या एका गावाचा तलाव असाच सपाट झाला, कारण मोजणी उन्हाळ्यातली होती आणि तेव्हा तो कोरडा होता. नकाशा तसाच मंजूर झाला असता, तर तिथे मोकळी जमीन दिसली असती आणि प्लॉट पडले असते.

मूळ मोजणीतला, चारही बाजूंनी सारखा बांध असलेला तो खड्डा मॅडमना खटकला. त्यांनी मला स्कूटरवर बसवून तिथे नेले. घाटाच्या पायऱ्या कोरड्या चिखलात उतरत होत्या.

"काय दिसून राहिलं तुले?"

"तलाव, मॅडम."

"मंग कॉम्प्युटरचं काहून ऐकते?"

आम्ही तलाव बुजवायला आलो की काय, या संशयाने पायरीवर बसलेल्या एका म्हातारीने विचारले, "तालाब पाट रहे हो क्या, मैडम?"

"नहीं अम्मा, पाट दिया था। वापस खोदने आए हैं।"

या फेरतपासणीत मुदत उलटली. बैठकीत वरिष्ठांनी कारण विचारले तेव्हा मी फायलीची पाने उलटत राहिले. मॅडम उभ्या राहिल्या. "तपासणी माझी होती. उशीरही माझाच." तलाव नकाशावर राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "घाबरायचं तं घाबर, पण आधी पुन्हा पाहून घे, मंग घाबर."

तेव्हापासून मी पुन्हा पाहते. त्याच मोजणीत आणखी दोन गावांचे तलाव भरले गेलेले मला दिसले आहेत, आणि त्या नकाशांवर अंतिम सही व्हायची आहे. मॅडम निवृत्त झाल्यामुळे या वेळी त्या माझ्यापुढे उभ्या नसतील.

त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांची स्कूटर अशीच गावोगाव फिरत राहो. मंडळातला त्यांचा सत्कार रविवारी आहे. सोमवारी सकाळी कार्यालय उघडताच मी वरिष्ठांना ते दोन तलाव दाखवून सही थांबवायला सांगणार आहे.