रविवारचा वर्ग आणि मागची लिफ्ट

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीनंतर शाळा सुटली, म्हणून शब्दही साधेच आहेत. मी एसी दुरुस्त करतो. कांदिवलीच्या आमच्या वाचनालयात दर रविवारी नवशिक्यांसाठी समाजशास्त्राचा वर्ग भरतो, तिथे जातो. तिथले किस्से एसीच्या जाळीवरच्या धुळीसारखे साचतात. रोज दिसत नाहीत, जाळी काढली की कळतं!

*

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, समाज कुठे दिसतो? बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी लगेच खिडकीबाहेरचा रस्ता दाखवला.

"आणि खिडकीच्या आतले आपण कोण?"

काकांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं. म्हणाले, "आपण वाचनालयाचे सभासद."

*

मग होमवर्क मिळाला: स्वतःच्या घरात एक तास पाहुण्यासारखं वागा.

काका सोफ्याच्या कडेला बसले. पाणी मागताना "प्लीज" म्हणाले. चहा झाल्यावर स्वतःचा कप उचलून सिंकमध्ये ठेवला. काकू म्हणाल्या, "पाहुणे, तुम्ही इथेच राहायला या."

*

प्रज्ञा कॉलेजात शिकते. घरात शेवटी कोण जेवतं ते तिने आठवडाभर टिपलं. रोज आई. मग एका संध्याकाळी तिने आईला सगळ्यांच्या आधी पानावर बसवलं. आई दोन घासांत उठली.

"तुझा अभ्यास राहू दे गं. भाजी पुरतेय का ते आधी बघू दे."

मॅडम प्रज्ञाला म्हणाल्या, हे वाक्य जपून ठेव, माझ्या पुस्तकांत नाही.

*

माझा विषय होता, पाटी न लावता चालणारा नियम. दोन पानं लिहिली होती. पण अक्षर वाईट, त्यात सगळ्यांसमोर वाचायची लाज. तीन रविवार "राहिलं" म्हणून वही बॅगेत ठेवली. चौथ्या रविवारी मॅडम म्हणाल्या, "संदेश, वाचू नकोस. नुसतं सांग."

सांगितलं. टॉवरमध्ये पुढची लिफ्ट राहणाऱ्यांची. मागची कचऱ्याची, फर्निचरची आणि आमची. पाटी कुठेच नाही.

"मग तुला कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"कोणीच नाही. पहिल्या दिवशी मीच मागे गेलो."

काका म्हणाले, आमच्या टॉवरमध्ये असलं काही नाही.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आहे काका. कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडे. दर उन्हाळ्यात मी तिच्यातूनच तुमच्याकडे येतो."

मला वाटलं, वाट लागली, आता वर्गही गेला आणि गिऱ्हाईकही. काकांनी पेनाला टोपण लावलं.

"उद्या नऊला ये," ते म्हणाले. "एसी गळतोय."

*

सकाळी नऊला त्यांच्या टॉवरखाली पोचलो. पाय सवयीने मागे वळत होते. त्यांना थांबवलं आणि हत्यारांची बॅग घेऊन पुढच्या लिफ्टमध्ये शिरलो. आत एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "कितवा?"

"अकरावा."

त्यांनी बटण दाबलं. बस, एवढंच!

बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"अरे, हे कुठायत? तुला घ्यायला म्हणून मघाशीच खाली गेलेत. मागच्या लिफ्टपाशी थांबतो म्हणाले."

मी बॅग दारात ठेवली आणि त्यांना आणायला खाली गेलो.