डब्यावरचं नाव

माझ्या सासूबाईंच्या घरात नाव नसलेलं भांडं सापडायचं नाही. लग्नात माहेरून आलेली माझी भांडी त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "नावं कामून घातली न्हाईत?" पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी ऑटोत पातेली घेऊन गौलीगुड्याच्या बाजारात गेलो. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानात दारापाशी बसलेला माणूस करकरणाऱ्या पेनाने नावं कोरून द्यायचा. सासूबाईंनी चमचेही सोडले नाहीत. मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात हसत होते. चमचा काय पळून जाणार आहे का?

हसणं सोपं होतं, कारण तेव्हा मी नवी होते आणि आपल्या कामाला भलताच भाव देत होते. मी प्रोग्रॅमर आहे. नारायणगुड्यात दुकानांच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे, आणि इतकी वर्षं मी तिथेच आहे. या काळात मी पुष्कळ लिहिलं. एका शाळेसाठी फीचा प्रोग्रॅम केला, त्यांनी पुढे दुसऱ्यांकडून नवा करून घेतला. एका दवाखान्यासाठी केला, तो दवाखानाच बंद पडला. एकदा काचीगुड्याहून ऑफिसला जाताना बसमध्ये सहज मनात आलं, की मी लिहिलेलं आज यातलं कुठे काय चालू आहे? काहीच नव्हतं. माझं नाव ज्याच्यावर राहील अशी एक तरी गोष्ट आपल्या हातून व्हावी, असं मला तेव्हापासून फार वाटायला लागलं. सासूबाईंच्या चमच्यांना मी पुन्हा कधी हसले नाही.

मग साड्यांचं काम आलं. एका मोठ्या दुकानाकडे साड्यांचे ढिगाने फोटो होते, आणि एकच साडी वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा घुसलेली होती. ती शोधून द्यायची होती. यासाठी प्रत्येक फोटोचा एक ठसा काढतात, म्हणजे एक आणि शून्य यांची, बिटांची, एक ओळ. दोन फोटोंचे ठसे एकमेकांवर ठेवायचे, जिथे फरक असेल तिथे एक लिहायचा, सारखं असेल तिथे शून्य. मग त्यातले एक किती ते मोजायचं. थोडे निघाले तर साडी तीच.

आमच्या डेटाबेसला ठसे एकमेकांवर ठेवता यायचे, पण त्यातले एक मोजता यायचे नाहीत. त्यासाठी सगळे जण एक जुनी युक्ती वापरायचे. ओळीची अक्षरं करायची, त्यातली शून्यं खोडायची आणि उरलेली ओळ किती लांब आहे ते बघायचं. घरात किती पाहुणे आलेत हे मोजायला सगळ्यांना उठवून बाहेर काढायचं आणि दारातल्या चपला मोजायच्या, तसलाच हा कारभार. काम व्हायचं, पण रडतखडत. मला अशा गोष्टींचा राग येतो. मी ठरवलं, एक मोजणारं फंक्शन त्या डेटाबेसमध्येच घालायचं.

असं करता येतं. हा डेटाबेस फुकट मिळतो आणि जगभरातली माणसं तो आपापल्या वेळात सांभाळतात. कुणीही त्यात भर सुचवू शकतं. अशा सुचवलेल्या बदलाला पॅच म्हणतात. तो ईमेलवर सगळ्यांसमोर मांडायचा, बाकीचे तो तपासतात, आणि पसंत पडला तर आत घेतात. वर्षातून एकदा नवे पॅच घ्यायचं दार बंद होतं. त्याच्या आधी काम झालं तर त्या वर्षीच्या आवृत्तीत जागा. आणि ज्याने तो लिहिला त्याचं नाव त्या बदलासोबत कायमचं नोंदलं जातं. मला हवं होतं ते एवढंच.

मी पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायला लागले. सासूबाई चहा ठेवायला आल्या की विचारायच्या, "काय करायलीस?" एकदा मी नीट समजावून सांगितलं. "आई, समजा भिंतीवर बटणांचा बोर्ड आहे. चालू बटण म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. घरातले किती दिवे चालू आहेत हे सांगणारी गोष्ट करतेय."

"म्हंजे चालू तेवढे मोजायचे?"

"हो."

"आन् बंद?"

"ते नाही मोजायचे."

"मग सोपंच हाय की," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता माझ्या डोक्यावरचा दिवा बंद करून गेल्या, कारण उजाडलं होतं.

सोपंच होतं. फंक्शन एवढंसं, त्याच्या चाचण्याच लांबलचक. लहान ओळ, मोठी ओळ, रिकामी ओळ, आडनिडी ओळ, सगळं तपासलं. वापरणाऱ्यांसाठी जे पान असतं त्यावर घालायला बटणांच्या बोर्डाचं उदाहरण इंग्रजीत लिहिलं. पॅच पाठवला आणि वाट बघत बसले.

कुणी काहीच बोललं नाही. आठवडे गेले. दार बंद व्हायचा दिवस जवळ येत होता. आपलं इंग्रजी वाईट, आपण कुठल्या कोपऱ्यातल्या, आपल्याला कोण विचारतो, असलं सगळं मनात येऊन गेलं. शेवटी तिथल्या एका जुन्या माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं. पॅच चांगला दिसतोय, तो म्हणत होता, पण इथे एक रीत आहे. जो आपला पॅच तपासायला देतो, त्याने दुसऱ्या कुणाचा तरी तपासायचा असतो. आपण अजून कुणाचा तपासलेला दिसत नाही.

मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. ओट्यावर समोरच्या घरातला स्टीलचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. समोर तेलुगू कुटुंब आहे. तेलुगूत वहिनीला वदिना म्हणतात; सासूबाई आणि समोरच्या बाई एकमेकींना वदिनाच म्हणतात. तिकडून डब्यात पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आला की आमच्याकडून धपाटे जातात. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे मला या घरात कुणाला शिकवावंही लागलं नव्हतं. आणि जगासमोर मात्र मी रिकामे हात पुढे करून बसले होते.

तर तपासायला एखादा पॅच शोधायला म्हणून मी आलेल्या पॅचची यादी उघडली. माझ्यानंतर थोड्या दिवसांनी कुणीतरी अगदी हेच फंक्शन पाठवलेलं होतं. त्या माणसाने माझा पॅच पाहिलेलाच नसावा. या विषयातलं मला कळत होतं, म्हणजे तपासायला योग्य माणूस मीच.

मी तो पॅच आमच्या साड्यांवर चालवून बघितला. उत्तरं सगळी बरोबर, आणि वेग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. मी एकेक तुकडा उचलून मोजत होते. त्याने कॉम्प्युटरच्या चिपमध्येच जी मोजायची सोय असते ती वापरून मोठे घास घेतले होते. मला हे सुचलंच नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि उगाचच कपाट आवरायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्या चाचण्या त्याच्या पॅचवर सोडल्या. आडनिड्या लांबीच्या ओळीवर तो चुकला. मोठे घास घेता घेता शेवटचा उरलेला तुकडा मोजायचाच राहत होता. साड्यांचे ठसे बरोबर मापात असल्यामुळे तिथे चूक दिसली नव्हती. मला आनंद झाला. अगदी उकळ्या फुटल्या म्हणा ना. मी लगेच लिहायला घेतलं, की हा पॅच चुकीची उत्तरं देतो. पूर्णविराम. एवढंच पाठवलं असतं तरी एकही शब्द खोटा नव्हता. दार बंद व्हायला आलेलं, तो माणूस दुरुस्त करत बसला असता आणि माझा पॅच आत गेला असता.

सासूबाई ओट्यापाशी समोरच्यांचा डबा भरत होत्या. रव्याचे लाडू केले होते. त्या ताटातला एकेक लाडू उचलून बघायच्या. फुटका निघाला की आपल्या बरणीत, आख्खा असला की डब्यात. आपल्याकडे बहुतेक फुटकेच उरले.

"आई, सगळे चांगले तिकडेच?" मी विचारलं.

"मग काय फुटके धाडू? परेशान कामून व्हायलीस, चवीला सारखेच हायत."

मी लिहिलेलं खोडलं. पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, की हा पॅच माझ्यापेक्षा चांगला आहे आणि वेगवान आहे. त्यात अमुक ठिकाणी एक चूक आहे. ती अशी दुरुस्त होईल, दुरुस्ती सोबत जोडली आहे. माझा पॅच मी मागे घेते आहे. माझ्या चाचण्या आणि पानावरचं उदाहरण उपयोगी वाटलं तर घ्यावं. पाठवण्याचं बटण दाबलं आणि मला खरोखर रडू आलं. सासूबाईंनी काही न विचारता दोन फुटके लाडू बशीत घालून पुढे ठेवले. मी दोन्ही खाल्ले.

त्या माणसाने सगळं घेतलं आणि भरभरून आभार मानले. दार बंद व्हायच्या आत फंक्शन आत गेलं. नोंदीत लेखक म्हणून त्याचं नाव लागलं, माझं तपासणाऱ्यांत, खाली. मी काही दिवस फुगून होते. मग आमच्या साड्यांचं काम नव्या फंक्शनवर चालवलं. जे उरकायला सकाळ जायची ते माझा चहा संपायच्या आत झालं. इतकं छान वाटलं की फुगून राहणं जमेना.

हल्ली ऑफिसात एक नवी तेलुगू मुलगी आली आहे. साड्यांचं काम मी तिच्याकडे दिलं. परवा जेवायच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊनच माझ्यासमोर बसली आणि खुशीत सांगायला लागली, की मॅडम, बिट मोजणं म्हणजे काय ते आज समजलं. पानावर फार सोपं उदाहरण दिलंय, घरातल्या बटणांचा बोर्ड, चालू तेवढे दिवे मोजायचे. तिने मला ते वाचून दाखवलं. मी शब्द न् शब्द ऐकून घेतला.

"किसने लिखा जी ये?" मी विचारलं.

तिने पान वरखाली करून बघितलं. "नाम नै है मॅडम. इसमें किसी का भी नै रहता."

मी डबा उघडत होते. तिची नजर झाकणावर गेली. सकाळच्या घाईत मी समोरच्या घरातलाच डबा उचलून आणला होता. आमचे दोन-तीन तसेच कायमचे त्यांच्याकडे राहिलेत, त्यांचे आमच्याकडे. झाकणावर तेलुगू अक्षरं कोरलेली. तिने ती वाचली आणि हसली.

"ये भी आपका नाम नै है मॅडम. सब्जी तो आपकीच है ना?"

"सब्जी मेरीच है," मी म्हटलं. "ले."