टुरिंग टॉकीज घेण्याआधी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेवगावात आमचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या बालमित्राचं. लग्न असो, उरूस असो की निवडणूक, भोंगे आमचेच. धंदा बरा चालला होता. तेवढ्यात कळलं, की कर्जतकडची एक टुरिंग टॉकीज विकायला निघालीय. तंबू, पडदा, मशीन, सगळं. त्या दिवशी मला जेवण गोड लागेना.

आम्ही दोघं एसटीनं जाऊन पाहून आलो. मालक म्हातारा झाला होता. त्यानं भर दुपारी आमच्यासाठी मशीन चालवून दाखवलं आणि मी मनातल्या मनात सौदा करूनही टाकला. मित्राचं मात्र मन होत नव्हतं. नगरच्या स्टँडवर चहा पिताना मी त्याला फायदे ऐकवले. जाहिरातीला भोंगे घरचेच, जत्रांचा मुलूख आपल्या ओळखीचा, लोकांना करमणूक दुसरी कुठली? त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"आता गाडीत तू न्हाई म्हनायचं, मी व्हय म्हनतो," तो म्हणाला. "शेवगाव येईपर्यंत."

सुरुवातीला मी उगाच काहीबाही बोललो. मग रंगलो. पावसाळ्यात तंबू बंद, तरी माणसांना पगार द्यायचा. फिल्मची पेटी वेळेवर आली नाही तर पब्लिक तंबू फाडणार. मुक्काम बदलला की परवाना नवा. तो माझेच मघाचे मुद्दे मला ऐकवत होता आणि ते त्याच्या तोंडून फारच हलके वाटत होते. तिसगाव मागं पडल्यावर त्यानं शेवटचा मुद्दा काढला.

"पन तुला रोज फुकटात सिनेमा बघायला मिळंल, त्याचं काय?"

हा मुद्दा मी कुणालाच सांगितला नव्हता, स्वतःलाही नाही. मला हसू फुटलं. मग मी विचारलं, तुझा नकार कशापायी? तो म्हणाला, "मला घर सोडून झोप येत न्हाई."

म्हणजे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात धंदा नव्हता.

शेवटी आम्ही मालकाला गळ घालून एका जत्रेपुरती टॉकीज भाड्यानं घेतली. गर्दी चांगली झाली. पण मी तिकिटांच्या टेबलाशी अडकलेलो, पोरं कनातीखालून आत शिरू नयेत म्हणून राखण करत. नायिकेची गाणी ऐकली, ती काही दिसली नाही. मित्र तंबूच्या मागं लाल डोळ्यांनी विजेच्या इंजिनापाशी बसलेला.

टॉकीज आम्ही परत केली. पुढं ती श्रीगोंद्याच्या एका अडत्यानं घेतली आणि झकास चालवली. त्याला सिनेमाची मुळीच आवड नव्हती. शेवगावला मुक्काम पडला, की तो भोंगे आमच्याकडूनच न्यायचा आणि मी तिकीट काढून अगदी पुढं, मातीत बसून सिनेमा बघायचो.